आधी सावली रंगवा

नमस्कार श्रोतेहो. तैलरंगात व्यक्तिचित्र शिकायचंय ना? मग समोर जिवंत माणूस बसवा. आजोबा, मावशी, कोणीही चालेल. फोटोत सावली नुसती काळी पडते; प्रत्यक्षात हनुवटीखालच्या सावलीत साडीचा रंगसुद्धा उमटलेला असतो. माणसाला खिडकीपाशी बसवा, उजेड एकाच बाजूनं येऊ द्या आणि खोलीतले दिवे मालवा.

आता डोळे किलकिले करून बघा. पापण्या, सुरकुत्या, मिशीचे केस सगळं विरून जातं. उरतात दोन-तीन मोठे आकार, उजेडाचे आणि सावलीचे. पहिल्या बैठकीत तेवढेच मांडायचे. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कॅनव्हासवर पसरा आणि उजेडाचा भाग चिंधीनं पुसून काढा. साम्य इथंच येतं. ओळखीचा माणूस गल्लीच्या टोकाला दिसला, तर नाकडोळे दिसण्याआधीच आपण त्याला ओळखतो की नाही? म्हणून डोळ्यांची घाई नको.

रंगही मोजकेच घ्या: पांढरा, यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा, लाल आणि काळा. स्वीडनचे चित्रकार अँडर्स झॉर्न यांच्या नावानं हा संच ओळखला जातो. काळ्यात पांढरा मिसळला की निळसर करडा होतो. दाढी केलेल्या जबड्यावर तोच लागतो. काळ्यात ऑकर घातला की हिरवट छटा मिळते. आपल्या सावळ्या, गव्हाळ कांतीत उजेड संपून सावली सुरू होते तिथं ती हमखास दिसते. जोडीला बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग ठेवा. कातडीच्या रंगाची म्हणून विकतात ती गुलाबी ट्यूब मात्र कृपा करून घेऊ नका. आणि डोळ्यातला पांढरा भाग पांढरा नसतो, वरच्या पापणीच्या सावलीत तो चांगलाच करडा असतो.

पहिला थर टर्पेंटाइननं पातळ केलेल्या रंगाचा. वरच्या थरांत जवसाचं तेल हळूहळू वाढवा. उलट केलंत तर वरचा थर आधी वाळतो, खालचा वाळत राहतो आणि भेगा पडतात.

आणि कधी पणजीला गेलात, तर फोन्तेन्हास या भागात फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडे ए. एक्स. त्रिंदाद यांची चित्रं आहेत, ती बघाच. १८७० ते १९३५ हा त्यांचा काळ, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला हा गोव्याचा चित्रकार. त्यांच्या चित्रापुढं डोळे किलकिले करून उभे राहा, मग जवळ जा. गालाची सावलीकडची कड नेमकी कुठं संपते, ते शोधून बघा.