आरसीसी म्हणजे काय?

श्रोतेहो, नमस्कार.

माझे मामा बांधकामाचे ठेकेदार. कराडच्या आसपासच्या पंधरा-वीस गावांत त्यांनी ओतलेले स्लॅब आहेत. तीन वर्षांपूर्वी पोटात दुखतं म्हणून त्यांनी सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे असतील असा सगळ्यांचा अंदाज. खडे निघाले नाहीत, उजव्या मूत्रपिंडावर गाठ निघाली. मग सीटी स्कॅन झाला आणि रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत तीन इंग्रजी अक्षरं होती. आर, सी, सी.

मामांनी तो कागद माझ्यापुढे धरला. "अरे, आरसीसी तर मी रोज ओततो. माझ्या पोटात हे कसलं आलं?"

त्यांनी हे अगदी मनापासून विचारलं होतं. सळई, खडी, सिमेंट यापलीकडे त्या अक्षरांचा दुसरा अर्थ त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. रीनल सेल कार्सिनोमा, म्हणजे मूत्रपिंडाचा कॅन्सर. मला अर्थ ठाऊक होता, पण तोंडातून शब्द फुटेना. आत डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, पण बाहेर रांग होती, आणि 'कॅन्सर' हा शब्द कानावर पडल्यानंतरचं मामांना एक वाक्यही आठवत नव्हतं. मला तरी कुठे आठवत होतं?

त्या रात्री मी माहिती शोधायला बसलो. सोप्या भाषेतली, घाबरवून न सोडणारी माहिती मिळाली ती ब्रिटनमधल्या रुग्णसंस्थांची. मूत्रपिंडाचा कॅन्सर बराच काळ मुका असतो, निम्म्याहून जास्त गाठी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडतात. धूम्रपान, लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाब यांनी धोका वाढतो. लघवीतून रक्त गेलं, मग ते एकदाच का असेना आणि दुखत का नसेना, तरी दाखवायला जायचं. हे सगळं सरळ सांगितलेलं होतं. आणि पत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलेलं : हा मजकूर कुणी तपासला, कधी तपासला, पुन्हा कधी तपासायचा.

मला त्या बारीक अक्षरांमागची माणसं कोण, हे जाणून घ्यावंसं वाटलं. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

जेम्स व्हेल हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. ते इंग्लंडमधले रेडिओवरचे माणूस. रात्री उशिरा लागणारे त्यांचे फोन-इन कार्यक्रम तिकडे गाजले. 2000 साली त्यांना मूत्रपिंडाचा कॅन्सर झाला, एक मूत्रपिंड काढावं लागलं. ते बरे झाले, आणि 2006 मध्ये त्यांनी याच आजारासाठी धर्मादाय निधी उभा केला. पुढे तो निधी आणि किडनी कॅन्सर यूके ही संस्था एकत्र आली, आज काम किडनी कॅन्सर यूके याच नावाने चालतं. 2020 मध्ये व्हेल यांचा आजार उलटला आणि ऑगस्ट 2025 मध्ये ते गेले. ते गेले तरी संस्था चालू आहे. मायक्रोफोनपुढे बसून हे सांगताना मला विशेष वाटतं, कारण त्यांनीही हा आजार असाच, श्रोत्यांशी बोलत बोलत लोकांपुढे आणला.

आता संस्था माणसामागे टिकते कशी? ब्रिटनमध्ये अशा संस्थेची अंतिम जबाबदारी विश्वस्तांवर असते. आपल्याकडे 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यामुळे हा शब्द आणि धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय गावोगावच्या लोकांना माहीत आहे, तिकडे चॅरिटी कमिशन आहे. विश्वस्ताला तिकडे साधारणपणे मानधन नसतं, प्रवासखर्च वगैरे तेवढा मिळतो. निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचा आणि चुकला तर जबाबदारीही सगळ्यांची. वर्षाचे हिशेब आयोगाकडे जातात आणि कुणालाही पाहता येतात. या मंडळात हिशेब कळणारा माणूस लागतो, कायदा कळणारा लागतो, आणि आजार स्वतः भोगलेला किंवा घरात पाहिलेला माणूस तर लागतोच लागतो.

वैद्यकीय सल्लागारांचं काम वेगळं. मूत्ररोग शल्यविशारद, कर्करोगतज्ज्ञ, या रुग्णांची काळजी घेणाऱ्या खास प्रशिक्षित परिचारिका, अशी माणसं पत्रकातली ओळ न् ओळ वाचतात, संशोधनासाठी आलेल्या अर्जांवर मत देतात. पैसा कुठे घालायचा, हा शेवटचा निर्णय मात्र विश्वस्तांचा. ही विभागणी मला फार मोलाची वाटते. विषय जाणणाऱ्याच्या हातात तिजोरीची किल्ली दिली, तर तो स्वतःच्याच विभागाला पैसे देईल, ही शंका राहते. आणि किल्ली सांभाळणाऱ्याने औषधाबद्दल लिहायला घेतलं, तर रुग्णाच्या जिवाशी खेळ होतो.

समजा, मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरच्या सुनिटिनिब नावाच्या औषधाचं पत्रक टेबलावर आहे. ही कॅप्सूल पूर्वापार चार आठवडे घ्यायची, दोन आठवडे थांबायचं, अशी दिली जाते. डॉक्टरांच्या मसुद्यात लिहिलेलं असतं, 'हात-पाय त्वचाविकार, सौम्य ते मध्यम.' शब्द बरोबर आहेत. पण ज्याने ती कॅप्सूल घेतली आहे, तो म्हणेल, तळहात आणि तळपाय लाल होतात, सोलवटतात, चहाचा गरम कप धरवत नाही, चप्पल घालून नळापर्यंत जाणं जड होतं. आपल्याकडची बाई असती तर म्हणाली असती, भाकरी थापता येत नाही. पत्रकात दोन्ही हवं. 'सौम्य' एवढंच वाचलेला रुग्ण त्रास वाढल्यावर आपलंच काही चुकलं असं समजून गप्प बसतो. डॉक्टरांना वेळेवर कळलं, तर ते मात्रा बदलू शकतात.

याच औषधावरून ब्रिटनमध्ये मोठा झगडा झाला. सरकारी आरोग्यसेवेने कोणतं औषध द्यावं हे तिथे 'नाइस' नावाची संस्था ठरवते. 2007 च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असं दिसलं होतं की, इंटरफेरॉन या जुन्या औषधाने आजार सुमारे 5 महिने थोपतो, तर सुनिटिनिबने 11. तरीही ऑगस्ट 2008 मध्ये नाइसने सुनिटिनिबसह चार औषधांना प्राथमिक नकार दिला. औषध काम करतं हे त्यांना मान्य होतं, खर्चाच्या मानाने ते परवडत नाही, असं त्यांचं म्हणणं. रुग्ण आणि त्यांच्या संस्था रस्त्यावर आल्या, कर्करोगतज्ज्ञांनी वर्तमानपत्राला एकत्रित पत्र लिहिलं. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या औषधांसाठी नाइसने निकष सैल केले आणि मार्च 2009 मध्ये पसरलेल्या आजारावरचा पहिला उपचार म्हणून सुनिटिनिबला होकार आला. बाकीच्या तीन औषधांना त्या वर्षी नकारच मिळाला. इथे रुग्णाचा आवाज आणि तज्ज्ञाचा आकडा दोन्ही एकाच वेळी पुढे आले. नुसत्या आक्रोशाने नियम बदलले असते, असं मला वाटत नाही, आणि आकडा तर आधीपासून होताच.

अमेरिकेत याची सुरुवात आणखी आधीची. 1990 मध्ये शिकागोत युजीन शॉनफेल्ड या रुग्णाने आणखी काही रुग्ण आणि डॉक्टर जमवून किडनी कॅन्सर असोसिएशन उभारली. पसरलेल्या आजारावर इंटरल्यूकिन-2 या औषधाला तिथे मंजुरी मिळाली 1992 मध्ये, म्हणजे संस्था सुरू झाली तेव्हा रुग्णाच्या हाती द्यायला जवळजवळ काहीच नव्हतं. तरीही डॉक्टर आणि रुग्ण एका टेबलाशी बसले.

एक अवघड गोष्ट बोललीच पाहिजे. या संस्थांना औषध कंपन्यांकडूनही पैसे मिळतात, आणि सल्लागार डॉक्टरांपैकी काहींनी त्याच कंपन्यांच्या चाचण्यांवर काम केलेलं असतं. ज्यांना विषय कळतो, ते बहुधा कुठे ना कुठे जोडलेले असणारच. म्हणून बैठकीच्या सुरुवातीलाच ज्याने त्याने आपले हितसंबंध सांगायचे आणि तो विषय निघाला की बाजूला व्हायचं. ब्रिटनमध्ये कंपन्यांनी रुग्णसंस्थांना दिलेल्या रकमा दर वर्षी जाहीर कराव्या लागतात, तसा औषध उद्योगाच्या आचारसंहितेचा नियम आहे. मी कुठल्याही संस्थेला देणगी देण्याआधी आता हीच यादी मागतो. तुम्हीही मागा, त्यात संकोच कसला?

मामांची गाठ काढली. तपासणीला ते दर सहा महिन्यांनी जातात आणि जाण्याआधी बिलबुकाच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून ठेवतात. मागच्या खेपेचा पहिला प्रश्न होता, "पन्नास किलोची सिमेंटची गोणी उचलली तर चालेल का?" मी इतकी पत्रकं वाचली, पण हा प्रश्न मला कुठेच दिसला नव्हता. डॉक्टरांनी टाक्यांची जागा दाबून पाहिली, किती वेळा उचलता, एकट्याने का, हे विचारलं, आणि गोणी दोघांनी मिळून उचला म्हणाले. कधी मराठीत असं पत्रक निघालं, तर त्यात हे घालायला सांग, असं मामांनी मला बजावलं आहे.

नमस्कार.