म्युऑनचं आयुष्य आणि जर्नलवरची सही

(ठाण्यात विज्ञान शाखेचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

जर्मनीत शिकायला जाण्याच्या खर्चाचा विषय आधी संपवते, नाहीतर मागच्या रांगेतले काका-काकू पुढचं काही ऐकणार नाहीत. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही. अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४ पासून फी लावली आहे. शिवाय व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याचे पैसे, सध्या ११,९०४ युरो, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी भरून दाखवावे लागतात. दरमहा त्यातले ९९२ तुमच्या हातात येतात. फी नाही, पण फुकटही नाही. झालं, आता फिजिक्स.

मी गटिंगनला एमएस्सी केलं. ठाण्याच्या मानानं गाव लहानसंच, पण १९२५मध्ये क्वांटम मेकॅनिक्सची पहिली नीट मांडणी झाली ती तिथे. ती करणाऱ्यांपैकी एक, मॅक्स बॉर्न; तिथल्या स्मशानभूमीत त्यांच्या थडग्यावर त्यांचं समीकरण कोरलंय. नाझी सत्तेवर आल्यावर, १९३३मध्ये, या माणसाला विद्यापीठाबाहेर काढलं. पुढे रामन यांच्या निमंत्रणावरून ते काही महिने बंगळुरूला येऊन शिकवून गेले. आपली मुलं तिकडे जातात हे सगळ्यांना ठाऊक. ही उलटी वाट आपल्या पुस्तकांत कुठे येत नाही, याचं मला नवल वाटतं.

तिकडचं लेक्चर दहाचं असेल तर बहुधा सव्वादहाला सुरू होतं आणि संपल्यावर मुलं टाळ्यांऐवजी बाकावर बोटं वाजवतात. ही गंमत दोन आठवडे टिकते. मग लक्षात येतं की लेक्चर हा दुय्यम भाग आहे, खरा अभ्यास प्रॉब्लेम शीटवर होतो. दर आठवड्याला एक शीट. साधारण निम्मे गुण मिळवले नाहीत तर पुष्कळ विषयांत परीक्षेलाच बसू देत नाहीत. काही ठिकाणी पद्धत आणखी कडक असते: कुठली गणितं सोडवलीत त्यावर तुम्ही खूण करायची आणि ट्यूटर त्यातल्या कुणालाही फळ्याशी बोलावणार. शेजारच्याची वही उतरवून खूण केली असेल तर दुसऱ्याच ओळीला सगळ्या वर्गाला कळतं. आपल्याकडचा हुशार मुलगा इथे गडबडतो. त्याला पेपर लिहिता येतो, पण चार जणांसमोर ‘इथून पुढे मला सुचत नाही’ म्हणायची सवय त्याला कुणी लावलेली नसते.

पण मला सांगायचंय ते प्रॅक्टिकलबद्दल. आपल्याकडे बार पेंडुलमवरून g, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, काढतात. किती यायला हवा हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तो ९.८ येतोच. येत नसेल तर रीडिंग ‘जुळवून’ घेतात, जर्नलवर सही होते. हे ऐकून हसलात, म्हणजे इथेही सगळ्यांना ठाऊक आहे!

तिकडचा एक नेहमीचा प्रयोग म्हणजे म्युऑनचं आयुष्य मोजणं. अवकाशातले किरण साधारण १५ किलोमीटर उंचीवर हवेला धडकतात, त्यातून हे कण तयार होतात. सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगानं पळाले तरी तेवढ्यात जेमतेम ६६० मीटर जातील. तरी ते जमिनीवर पोचतात, कारण इतक्या वेगात त्यांचं घड्याळ आपल्या हिशेबानं हळू चालतं. सापेक्षतावादाचा हा पुरावा आत्ता आपल्या डोक्यावरही पडतोय. प्रयोगात सिंटिलेटर नावाच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यात थांबलेले म्युऑन मोजायचे. नोंदी शंभर असतील तर अनिश्चितता दहा टक्के, एक टक्क्यावर आणायची तर दहा हजार हव्यात. म्हणून यंत्र रात्रंदिवस चालू ठेवायचं.

आमच्या गटाचं उत्तर २.१च्या आसपास आलं. पुस्तकात २.१९७. आपल्याकडची सवय म्हणते, जुळवा. ट्यूटरनं उलट विचारलं, यात ऋण म्युऑन, म्हणजे ऋण विद्युतभाराचे, किती? ऋण म्युऑनला प्लास्टिकमधल्या कार्बनचं केंद्रक पकडतं, त्यामुळे तो सरासरी २.०३ मायक्रोसेकंदांतच संपतो. धन म्युऑनला ही भीती नाही. दोघांची सरासरी २.२च्या खालीच यायला हवी. म्हणजे त्या ठोकळ्यावर नेमकं २.१९७ आणणारा विद्यार्थीच संशयात सापडतो. आम्ही जुळवलं असतं तर कार्बननं केलेला हा उद्योग आम्हाला कधी दिसलाच नसता. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीसाठी ते शिक्षण घ्यावं, आणि ती गोष्ट ठाण्यातल्या कुठल्याही कॉलेजात एक पैसा जास्त न घालता करता येईल.

आता मार्कांचं. तिथे १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास. घरी फोनवर ‘दीड मिळाला’ सांगितलं की पलीकडे शांतता पसरते. आपले गुण ते एका सूत्रानं बदलतात: ४० टक्क्यांना पास धरलं तर तुमचे ८० टक्के म्हणजे २.०.

ज्यांना जायचंय त्यांनी तीन कामं आत्ताच करावीत. एपीएस प्रमाणपत्राला, म्हणजे तुमची इथली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याच्या दाखल्याला, वेळ लागतो, शेवटच्या सत्राची वाट पाहू नका. एमएस्सी पुष्कळ ठिकाणी इंग्रजीत होते, पण घरमालक आणि सरकारी कचेरी जर्मनमध्येच बोलते, तेवढी भाषा इथूनच शिकून जा. आणि बीएस्सीचा प्रत्येक सत्राचा तपशीलवार अभ्यासक्रम कॉलेजच्या शिक्क्यासह जपून ठेवा. प्रवेश देताना ते क्वांटम किती तास, प्रॅक्टिकल किती तास, हे विषयवार तपासतात, आणि पास होऊन गेलेल्याला ते कागद मिळवायला ऑफिसच्या खिडकीशी किती उभं राहावं लागतं ते मी सांगायला नको.