टेपखालची माती

(दृश्य : लाकडी फळीवर ओळीने मांडलेले कप. फिकट, कोरडे, अजून ग्लेझ न लावलेले.)

हे कप एकदा भट्टीतून निघालेत, साधारण १००० अंश सेल्सिअसला. स्टुडिओत याला बिस्क म्हणतात. भाजून झालं तरी मातीची तहान भागलेली नाही. आपला माठ जसा पाणी ओढून घेतो, तशीच ही मातीसुद्धा ओढते, आणि आजचं सगळं काम तिच्या या एका गुणावर चालणार आहे. ग्लेझ म्हणजे फेल्डस्पार, क्वार्ट्झ, खडू आणि चिनी माती यांची बारीक पूड पाण्यात कालवलेली. पुढच्या भाजणीत ती वितळून कपावर काचेसारखा थर होते. कप त्यात बुडवला की माती पाणी पिते आणि पूड अंगावर थर धरून बसते. जिथे पाणी शिरलं नाही, तिथे थर बसत नाही.

पाणी कुठे शिरू द्यायचं नाही, ते टेप ठरवणार.

(दृश्य : ओल्या स्पंजचा हात. मग कप बाजूला, वाळायला.)

पुण्याजवळच्या या स्टुडिओत सकाळ पुसण्यातच जाते. बिस्कवर धुळीचा पातळ थर असतो, डोळ्याला दिसत नाही इतका. त्याच्यावर टेप चिकटवली तर ती मातीला नाही, धुळीला चिकटते. म्हणून आधी पुसायचं आणि मग पूर्ण वाळू द्यायचं. ओल्या बिस्कवरही टेप धरत नाही.

(दृश्य : टेपचं रीळ, काचेवर ताणलेली पट्टी, स्टीलची फूटपट्टी, कटर.)

ही रंगारी वापरतात तीच मास्किंग टेप. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ती मुळात जन्मली तीच रंग अडवण्यासाठी. अमेरिकेत तेव्हा दोन रंगांच्या मोटारींची टूम होती. रंगारी एक भाग कागदाने झाकत, दुसरा रंगवत, आणि कागद काढताना खालचा ताजा रंगही निघून येई. त्यांचा तो वैताग थ्री एम कंपनीच्या रिचर्ड ड्रू या तरुण कर्मचाऱ्याने एका गॅरेजमध्ये पाहिला. पुढे १९२५ मध्ये त्याने अशी टेप तयार केली, जी नीट चिकटते आणि खालच्या थराला धक्का न लावता निघते.

मोटारीचा पत्रा गुळगुळीत. कप खरखरीत, त्यात गोल. रुंद पट्टी गोलाव्यावर लावली की कडेला चुण्या पडतात, आणि प्रत्येक चुणी म्हणजे ग्लेझला आत शिरायला वाट. म्हणून काचेवर पट्टी ताणून तिच्या दोन-तीन मिलिमीटरच्या दोऱ्या कापायच्या. एवढी बारीक पट्टी वळते, वाडग्याच्या पोटावरूनसुद्धा.

(दृश्य : फिरत्या बैठकीवर कप. पेन्सिलची रेघ. मग टेप. कॅमेरा अगदी जवळ.)

आधी पेन्सिलने खूण. ती भट्टीत जळून जाते, पुसायची गरज नाही. मग टेप. आता बोटांकडे बघा. टेप ओढून ताणलेली नाही, नुसती ठेवत नेली आहे. ताणून लावलेली टेप थोड्या वेळाने आखडते आणि कड उचलते.

आणि हे नख. टेपच्या दोन्ही कडांवरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. जिथे एक पट्टी दुसरीला ओलांडते तिथे बारीकशी पोकळी राहते. तिथे बांबूच्या कोरणीचं टोक दाबून धरायचं. या कपावर अशा ओलांडण्याच्या जागा पुष्कळ आहेत. एकही सुटलेली नाही.

(निवेदन थांबते. नखाचा आवाज.)

कुंभारकामाच्या वर्तुळात टेपकडे जरा तिरकं पाहिलं जातं. ब्रशची रेघ ती कला, टेपची रेघ ती सोय, असा एक समज आहे. हा समज चुकीचा आहे. मेणाचं उदाहरण घ्या. ग्लेझ अडवायला पातळ मेण ब्रशने लावतात. काम झटपट होतं, रेघही सुंदर येते. पण मेणाचा थेंब नको तिथे पडला की तो कप पुन्हा भाजल्याशिवाय सुटका नाही. टेप उचलून परत लावता येते. आणि टेप काढल्यावर खाली कोरी माती मिळते, तिच्यावर दुसरा रंग भरता येतो. मेणाखालची जागा तशी हाती येत नाही.

(दृश्य : संग्रहातील छायाचित्र. गडद वाडगा, आत फुलांचे छापासारखे आकार.)

चीनच्या जियांगशी प्रांतातल्या जिझोऊच्या भट्ट्या. सोंग राजवटीच्या काळात (दहावं ते तेरावं शतक) तिथले कुंभार कागदाची कात्रणं वापरत. आधी गडद ग्लेझ, त्यावर फुला-पक्ष्यांचं कात्रण, वरून फिकट ग्लेझ, आणि मग कागद काढून घ्यायचा. फिकट थरात गडद फूल उमटे. आज हे वाडगे संग्रहालयांत काचेमागे आहेत, आणि कागद वापरला म्हणून त्यांना कुणी कमी लेखत नाही.

(दृश्य : ग्लेझची बादली. चिमट्यात धरलेला कप. बुडतो, वर येतो.)

तीन-चार सेकंद, बस्स. जास्त वेळ ठेवला तर थर जाड होतो आणि सोलताना टेपबरोबर निघून येतो.

(दृश्य : कप करणाऱ्या ताईंकडे बघत मदतनीस मुलगा टेपच्या टोकाकडे हात नेतो.)

"ताई, काढू?"

"थांब. अजून चमकतंय बघ."

ग्लेझवरची ओली चमक जायला हवी, पण थर कडक वाळायलाही नको. चमक असताना टेप काढली तर कड ओघळते. पार वाळल्यावर काढली तर कडेचे टवके उडतात. या दोहोंच्या मधला वेळ घड्याळात सापडत नाही. तो हवेवर, मातीच्या जाडीवर, ग्लेझच्या दाटपणावर ठरतो. पावसाळ्यात लांबतो, मे महिन्यात बघता बघता संपतो. ताई घड्याळ बघत नाहीत, कपाचा पृष्ठभाग बघतात.

(दृश्य : सुई टेपच्या टोकाखाली जाते. टोक उचललं जातं.)

जी पट्टी शेवटी लावली, ती आधी निघणार. सरळ वर उपटायची नाही. मागे दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवत, सावकाश ओढायची.

(निवेदन नाही. पहिली पट्टी पूर्ण निघेपर्यंत शॉट तसाच. मग दुसरी. मग तिसरी.)

कडेला चिकटून राहिलेले कण टोकदार ओल्या ब्रशने टिपून घेतले जातात. फुंकर मारायची नाही. या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात गेली की राहते, म्हणून तोंडाला मास्क. सोललेल्या टेपचा गोळा कचऱ्यात जातो, तो परत कामाचा नाही.

(दृश्य : भट्टीचं दार बंद होतं. कट. दार उघडं.)

दुसरी भाजणी १२०० अंशांच्या वर. वाहतं ग्लेझ असेल तर इतकी मेहनत करून काढलेली रेघ इथे वितळून पसरते. म्हणून या कपांसाठी घट्ट, मॅट म्हणजे न चमकणारं ग्लेझ घेतलं होतं. तरी काही कपांवर रेघ फुटली. ते वेगळे काढले.

(दृश्य : तयार कप, अगदी जवळून. निळसर पांढरं ग्लेझ, मधून तपकिरी मातीच्या रेघा.)

प्रदर्शनात असा कप हातात घेऊन लोक विचारतात, हे प्रिंट आहे का? ओळखायची सोपी रीत आहे. रेघेवरून नख आडवं फिरवा. ग्लेझ जिथे संपतं तिथे नखाला पायरी लागते, मग खरखरीत माती, मग पुन्हा पायरी. छापील चित्राचं स्टिकर भाजून बसवलेलं असेल तर नख सरळ घसरत जातं. पायरी लागली तर किमतीत घासाघीस करू नका. त्या रेघेच्या दोन्ही कडांवरून आधी कुणाचं तरी नख फिरलेलं आहे.