रिलीव्हर न आलेला इंजिनीअर

श्रोतेहो, नमस्कार.

पणजीहून पुणे रस्त्याने साधारण ४५० किलोमीटर आहे. रात्रीची बस धरली की सकाळी आपण स्वारगेटला उतरतो, आणि घरातून वाईट निरोप आला तर दुसऱ्या दिवशी परतही येतो. आज मी ज्या इंजिनीअरविषयी बोलणार आहे, ते १९९१ साली जमिनीपासून याहूनही कमी, म्हणजे सुमारे ४०० किलोमीटर अंतरावर कामाला होते. दर दीड तासाने त्यांची पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण होत होती आणि दिवसातून काही वेळा ते आपल्या मुलखाजवळूनही जात होते. तरीही मे महिन्यात घर सोडलेल्या या माणसाला परतायला पुढच्या वर्षीचा मार्च उजाडला. त्यांचे नाव सर्गेई क्रिकाल्योव. ‘मीर’ या सोव्हिएत अंतराळस्थानकाचे ते फ्लाइट इंजिनीअर होते.

त्यांची हकिगत गोव्यात सांगताना एक शब्द मला समजावून सांगावा लागणार नाही. तो शब्द म्हणजे रिलीव्हर. ज्या घरातला माणूस बोटीवर असतो, त्या घरातल्या लहान मुलांनाही साइन-ऑन म्हणजे बोटीवर रुजू होणे आणि साइन-ऑफ म्हणजे काम संपवून उतरणे हे ठाऊक असते, आणि या दोहोंच्या मध्ये रिलीव्हर उभा असतो हेही ठाऊक असते. आपल्या जागी रुजू होणारा माणूस बंदरात येऊन बोटीवर चढला तरच आपला माणूस खाली उतरतो. माझा थोरला भाऊ एका मालवाहू बोटीवर थर्ड इंजिनीअर होता. १९९४ साली चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तो घरी पोचणार हे नक्की होते. आमच्या डिचोली तालुक्यातल्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधण्याचे काम त्याचे असे. सुपारीचे घोस, तोरिंगे, आंबाडे, कांगलां यांतले काय कोठे बांधायचे हे तो कोणाला विचारत नसे. त्या वर्षी रिलीव्हरच्या कागदपत्रांत काही अडचण आली, बोट त्याला न घेताच सुटली, आणि माटोळी शेजारच्या काकांनी बांधली. दादा जानेवारीत आला. क्रिकाल्योव यांच्याविषयी मी पहिल्यांदा वाचले तेव्हा इतर काहीही आठवण्याआधी मला ती माटोळी आठवली, म्हणून हे सांगितले.

आता मूळ हकिगतीकडे येतो. १८ मे १९९१ रोजी कझाकस्तानातील बैकोनूर येथून सोयूझ यान निघाले, तेव्हा त्यात कमांडर अनातोली आर्त्सेबार्स्की, ब्रिटनच्या पहिल्या अंतराळवीर हेलन शर्मन आणि क्रिकाल्योव असे तिघे होते. शर्मन आठवड्याभरात आधीच्या तुकडीबरोबर परतल्या. राहिलेल्या दोघांनी सुमारे पाच महिने काम करून ऑक्टोबरमध्ये परतावे, अशी योजना होती. शरद ऋतूत दोन उड्डाणे व्हायची होती. पैशांची चणचण इतकी वाढली की दोन्ही मिळून एकच करण्याचे ठरले. सोयूझमध्ये जागा तीनच असतात. एका जागेवर नवे कमांडर अलेक्झांडर व्होल्कोव, दुसरीवर करारानुसार ऑस्ट्रियाचे फ्रान्झ फीबॉक, आणि तिसरीवर कझाकस्तानचे तोक्तार औबाकिरोव. ज्या प्रजासत्ताकाच्या भूमीवरून उड्डाणे होत होती, त्याचा माणूस त्या घडीला वर पाठवणे टाळता येण्यासारखे नव्हते. औबाकिरोव निष्णात वैमानिक होते, परंतु महिनोन्‌महिने स्थानक चालवण्याचे प्रशिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. म्हणजे यान येणार होते, त्यात माणसेही येणार होती, फक्त इंजिनीअर येणार नव्हता. जुलै महिन्यात क्रिकाल्योव यांना विचारण्यात आले, की पुढच्या तुकडीचे इंजिनीअर म्हणून आपण वरच राहाल का. त्यांनी होकार दिला.

या होकाराविषयी मला थोडे विस्ताराने बोलायचे आहे, कारण त्यांची गोष्ट बहुतेक वेळा ‘अंतराळात अडकलेला शेवटचा सोव्हिएत नागरिक’ अशा मथळ्याखाली सांगितली जाते आणि त्यात हा होकार हरवून जातो. स्थानकाला परतीचे सोयूझ यान कायम जोडलेले असे. त्यात बसून उतरता येत होते. ते उतरले असते तर स्थानक चालवू शकणारा प्रशिक्षित इंजिनीअर तेथे उरला नसता, आणि इंजिनीअर नसलेल्या स्थानकाचे काय होते हे जगात फार थोड्या लोकांना क्रिकाल्योव यांच्याइतके जवळून माहीत होते. १९८५ च्या फेब्रुवारीत ‘सॅल्यूत-७’ या आधीच्या स्थानकाशी संपर्क तुटला, तेव्हा आत कोणी नव्हते. वीज गेली, बॅटऱ्या उतरल्या, आतले पाणी गोठले. जूनमध्ये व्लादिमीर झानिबेकोव आणि व्हिक्तोर साविनिख हे दोघे तेथे गेले, नियंत्रणाबाहेर गेलेल्या त्या स्थानकाला त्यांनी हाताने यान जोडले आणि कडाक्याच्या थंडीत, उबदार टोप्या घालून, एकेक यंत्रणा पुन्हा चालू केली. त्या मोहिमेसाठी यान जोडण्याच्या आणि दुरुस्तीच्या पद्धती जमिनीवर बसून ज्या गटाने तयार केल्या, त्यात २६ वर्षांचे क्रिकाल्योव होते. लेनिनग्राडच्या मेकॅनिकल इन्स्टिट्यूटमधून १९८१ साली पदवी घेऊन ते या कामाला लागले होते. मरू घातलेले यंत्र जिवंत करण्यासाठी काय मोजावे लागते, याचा हिशेब त्यांनी ऐन उमेदीत स्वतः मांडला होता. सहा वर्षांनी त्यांना ‘राहाल का’ असे विचारले गेले, तेव्हा तो हिशेब त्यांच्यासमोर नसेल असे मला वाटत नाही.

अंतराळस्थानकावरच्या इंजिनीअरचे काम आपल्याला वाटते तसे भव्य नसते. ते बोटीच्या इंजिनरूममधल्या कामाच्या फार जवळचे आहे. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, त्यामुळे पंखा बंद पडला तर झोपलेल्या माणसाने सोडलेला कर्बवायू त्याच्याच तोंडाभोवती साचत राहतो. म्हणून पंखे अहोरात्र चालू ठेवायचे आणि त्यांच्या जाळ्या वेळच्या वेळी साफ करायच्या. पाण्याचे विघटन करून प्राणवायू देणारे यंत्र सांभाळायचे, हवेतला ओलावा गोळा करून त्याचे पिण्याजोगे पाणी करायचे, प्रोग्रेस मालवाहू यानातून आलेले सामान उतरवून लावायचे. शिवाय रोज सुमारे दोन तास व्यायाम करायचा, कारण भार न पेलणारी हाडे महिन्यागणिक ठिसूळ होत जातात. त्या जुलैतच क्रिकाल्योव आणि आर्त्सेबार्स्की यांनी स्थानकाबाहेर जाऊन ‘सोफोरा’ नावाचा १४ मीटरचा मनोरा उभारला. शेवटच्या खेपेला श्रमाने आर्त्सेबार्स्कींच्या शिरस्त्राणाची काच आतून धुरकटली, त्यांना दिसेनासे झाले, आणि क्रिकाल्योव यांनी त्यांना वाट दाखवत दारापर्यंत परत आणले. मनोऱ्याच्या टोकाला त्यांनी आपल्या देशाचा ध्वज लावला होता.

तो देश, म्हणजे सोव्हिएत संघ, वर्षअखेरीस उरला नाही. ऑगस्टमध्ये मॉस्कोत रणगाडे रस्त्यावर आले, सप्टेंबरमध्ये लेनिनग्राडचे नाव सेंट पीटर्सबर्ग झाले, १६ डिसेंबरला कझाकस्तान स्वतंत्र झाला आणि २५ डिसेंबरला सोव्हिएत राष्ट्राध्यक्ष गोर्बाचेव यांनी राजीनामा दिला. २ जानेवारी १९९२ रोजी रशियात किमतींवरचे सरकारी बंधन उठले, आणि काल जेवढ्या रुबलांत घर चालत होते तेवढ्यात आता काही दिवसही निघेनात. क्रिकाल्योव यांच्या घरी पत्नी एलेना आणि १९९० साली जन्मलेली मुलगी होती. पगार तोच होता, त्याची किंमत मात्र दिवसेंदिवस विरघळत होती.

एलेना स्वतः त्याच अवकाश कार्यक्रमात काम करत होत्या आणि मॉस्कोजवळच्या नियंत्रण केंद्रातून त्यांना पतीशी बोलता येत असे. स्थानक संपर्काच्या टप्प्यात असेतोवरच ही बोलणी चालत, आणि तो टप्पा काही मिनिटांतच ओलांडला जाई. त्यांनी पुढे सांगितले आहे की या बोलण्यात त्या अप्रिय गोष्टी टाळत असत, आणि वरून तेही तसेच करत असावेत असे त्यांना वाटे. ही गोष्ट वाचून मी बराच वेळ थांबलो. दोन माणसे, दोघेही या विद्येतले जाणकार, मोजक्या मिनिटांसाठी समोरासमोर येतात, आणि दोघेही एकमेकांना जड होईल ते बोलत नाहीत. इतिहासात क्रिकाल्योव यांच्या दिवसांची नोंद आहे. एलेना यांनी बाजारात, पाळण्याशेजारी आणि त्या मायक्रोफोनसमोर जे दिवस काढले त्यांची नोंद कोठेच नाही, आणि मला हा मोठा अन्याय वाटतो, कारण मुदतवाढीचा कागद एकाच्या नावाने निघाला तरी तो दोघांवर लागू झाला होता.

रेडिओवरून बोलत असल्यामुळे आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मीरवर हौशी रेडिओचा एक संच होता. स्थानक ऑस्ट्रेलियावरून जाई तेव्हा तेथील एक हौशी रेडिओचालक बाई त्यांच्याशी नित्यनेमाने बोलत असत आणि जगात काय चालले आहे ते सांगत असत. एकमेकांना कधी न भेटलेल्या दोन माणसांचा तो घरगुती संवाद होता, आणि परक्या बंदरात आपल्या माणसाला कोणी चहाला बोलावले म्हणजे घरच्यांना जसे बरे वाटते, तसे मला ते वाचून वाटले.

अखेर मार्च १९९२ मध्ये नवी तुकडी वर पोचली, तिच्यात इंजिनीअर होता, आणि २५ मार्चला क्रिकाल्योव व व्होल्कोव कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात उतरले. ३११ दिवसांनी जमिनीला पाय लागले तेव्हा ते फिकट पडले होते, घामाने डबडबले होते, आणि लोकांनी आधार देऊन त्यांना यानाबाहेर काढले. ज्या भूमीवर ते उतरले ती आता परदेशाची होती. त्यांनी काम सोडले नाही. १९९४ साली अमेरिकेच्या शटलमधून जाणारे ते पहिले रशियन झाले, आणि २ नोव्हेंबर २००० रोजी आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात जी पहिली तुकडी राहायला गेली, तीत ते फ्लाइट इंजिनीअर म्हणून होते. सहा उड्डाणे मिळून त्यांनी ८०३ दिवस पृथ्वीबाहेर काढले.

आपल्यापैकी काहींना हे सारे फार दूरचे वाटेल. ६ डिसेंबर १९८१ रोजी भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखाली गोव्यातूनच निघाली होती, आणि आजही ‘मैत्री’ व ‘भारती’ या भारतीय तळांचा कारभार वास्कोच्या हेडलँड सड्यावरील ध्रुवीय संशोधन केंद्रातून पाहिला जातो. उन्हाळी तुकडीला घेऊन जहाज परत फिरले की हिवाळी तुकडी मागे राहते. जनरेटर पाहणारा, उष्णता व पाणी सांभाळणारा इंजिनीअर तीत असतोच, कारण तेथेही वीज गेली की सॅल्यूत-७ सारखीच गत होईल. सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. मध्येच घरी यायचे म्हटले तरी येता येत नाही. भारती तळावर इस्रोचे उपग्रहांची माहिती उतरवून घेणारे केंद्रही आहे, आणि ते चालवणारी माणसे तेथेच राहतात. आपल्या देशाने स्वतःचे अंतराळस्थानक उभारण्याचा संकल्प केला आहे, २०३५ हे त्याचे उद्दिष्टवर्ष आहे. त्या स्थानकासाठी इंजिनीअर निवडताना त्यांच्या घरच्यांशीही कोणीतरी सविस्तर, वेळ काढून बोलावे, नियोजन बदलले तर काय होईल हे त्यांना आधी सांगावे आणि त्या काळात घराकडे पाहण्याची व्यवस्था कागदावर लिहून ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सुटे भाग किती लागतील याचा हिशेब जितक्या बारकाईने होतो, तितक्याच बारकाईने हाही व्हावा.

दादा १९९५ च्या जानेवारीत घरी आला, तोपर्यंत आईचे एक आजारपण होऊन गेले होते, विहिरीचा कठडा खचला होता, आणि धाकट्या पुतण्याने वडिलांना ओळखायला दोन दिवस घेतले. पत्रांत वहिनींनी यातले काहीही लिहिले नव्हते. जे लिहायचे नाही असे ठरवले, ते सारे त्यांनी तारखेनिशी एका वहीत उतरवून ठेवले होते. त्या रात्री पडवीवर बसून त्यांनी ती वही दादाला पहिल्या पानापासून वाचून दाखवली, आणि मध्ये दादा दोनदा उठून विहिरीकडे जाऊन आला. मे महिन्यात तो पुन्हा बोटीवर गेला, तेव्हा त्याने तशीच एक कोरी वही बरोबर नेली.

श्रोतेहो, नमस्कार.