ऑपरेशनच्या आधी मी गळा का मोजते?

नमस्कार. ही बघा, शिंप्याची टेप. मी ठाण्यात भूलतज्ज्ञ आहे आणि ऑपरेशनआधीच्या तपासणीत स्टेथोस्कोपइतकीच ही मला लागते. पेशंटच्या गळ्याचा घेर 40 सेंटिमीटरच्या वर भरला, की मी पुढचे प्रश्न सावकाश विचारते.

मध्यंतरी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी एक काका आले. वय 56, बीपीची गोळी चालू, गळा 43. "घोरता का?" "छे हो, थोडंफार." मी काकूंकडे वळले. त्या म्हणाल्या, "घोरण्याची सवय झालीय हो मला. ते घोरायचे थांबतात ना, तेव्हा मला जाग येते. अंधारात आकडे मोजत बसते. पंचवीसपर्यंत जाते कधी कधी, मग एकदम दचकून श्वास घेतात."

काकू मोजत होत्या तो स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घसा सैलावतो, श्वासाची वाट मिटते. छाती-पोट हलत राहतं, पण हवा आत जात नाही. असं किमान 10 सेकंद झालं की एक अ‍ॅप्निया. श्वास पूर्ण किंवा अर्धवट अडण्याचे असे प्रकार तासाला 30 वर गेले, की आजार तीव्र. म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा गुदमरणं, रात्रभर.

घरी माणूस दचकून जागा होतो म्हणून वाचतो. भुलीची आणि तीव्र वेदनाशामक औषधं घसा आणखी ढिला करतात आणि ती जागच येऊ देत नाहीत. माझा जीव तिथे अडकतो.

म्हणून स्टॉप-बँग ही आठ प्रश्नांची यादी वापरतो. टोरांटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग आणि सहकाऱ्यांनी ती 2008 साली मांडली, तीही ऑपरेशनच्या पेशंटसाठीच. मोठ्याने घोरणं, दिवसाचा थकवा, श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, बीपी, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 35 च्या वर, वय 50 च्या वर, जाड गळा, पुरुष असणं. प्रत्येकी एक गुण; पाच किंवा जास्त म्हणजे धोका मोठा.

काकांना थकव्याचं विचारलं, तर म्हणाले, लोकलमध्ये ठाण्याला चढलो की मुलुंड यायच्या आत उभ्याउभ्या डोळा लागतो. ते याला दगदग म्हणत होते. मी गुण दिला. झाले सात! राहिला तो फक्त बीएमआयचा. आपल्याकडे बेताच्या वजनाच्या माणसांतही हा आजार सापडतो, त्यामुळे त्या एका रकान्यावर मी विसंबत नाही. आणि बायकांचं घोरणं तर घरात कुणी बोलूनच दाखवत नाही, तेव्हा त्यांना मी सकाळची डोकेदुखी आणि मोडलेली झोप आवर्जून विचारते.

सात गुण म्हणजे निदान नव्हे, ते स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेतला श्वास नोंदवणाऱ्या तपासणीत होतं. काकांची तारीख पुढे ढकलली, आधी तपासणी केली.

तुमच्या घरी कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर रात्री पांघरूण जरा बाजूला करून छाती-पोट दिसेल असा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, आवाजासकट. तपासणीला शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत आणा. आणि सीपॅपचं मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) आधीपासून वापरत असाल, तर ॲडमिट होताना ते बॅगेत आठवणीने भरा, मास्कसकट.