वर्षाच्या शेवटच्या रात्रीचं जेवण

चिनी नववर्ष म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाल कंदील, फटाके आणि रस्त्यात नाचणारे सिंह येतात. ते सगळं आहेच. पण आज मला तुम्हाला तिथल्या स्वयंपाकघरात न्यायचंय. माझ्या मते हा सण खरा घडतो तो चुलीपाशी, आणि तोही जुन्या वर्षाच्या शेवटच्या रात्री. त्या रात्रीच्या जेवणाला ‘नियान ये फान’ म्हणतात. या एका जेवणाला घरी पोचायचं म्हणून कामगार, विद्यार्थी, नोकरदार सगळे निघतात. रेल्वेचा हा गर्दीचा हंगाम 40 दिवसांचा धरतात.

आठवडाभर आधी चुलीच्या देवाला निरोप देतात. उत्तरेत बाराव्या चांद्रमहिन्याच्या 23 व्या दिवशी, दक्षिणेत बहुतेक ठिकाणी 24 व्या. चुलीवरच्या भिंतीवर त्याचं कागदी चित्र असतं. वर्षभर त्याने घरातली भांडणं, कुजबूज, सगळं ऐकलेलं असतं आणि आता तो स्वर्गात जाऊन सांगणार. म्हणून त्याला माल्टची चिकट मिठाई देतात, काही घरांत तर ती थेट चित्रातल्या ओठांना फासतात. तोंड गोड झालं तर गोड बोलेल, नाहीतर निदान दातखीळ बसेल! मग ते चित्र जाळून त्याला रवाना करायचं. देवाशी असं घरच्या वडीलधाऱ्यासारखं वागणं मला फार लोभस वाटतं.

उत्तर चीन गव्हाचा मुलूख, म्हणून तिथे वर्षाच्या शेवटच्या रात्री जियाओझी, म्हणजे सारण भरलेल्या, करंजीसारख्या मिटलेल्या पाऱ्या. ही किती जुनी? वायव्य चीनमधल्या शिनजियांगमध्ये तुर्फानजवळ अस्ताना इथल्या थडग्यांत थांग राजवटीच्या काळातली जियाओझी सापडली आहेत. तिथल्या कोरड्या हवेत हजाराहून जास्त वर्षं टिकली, आकार तोच.

आता ती कशी करतात ते नीट पाहू. कणकेची छोटी गोळी तळव्याने चपटी करायची. डाव्या हाताने ती फिरवत राहायची आणि उजव्या हाताने वीतभर लाटणं कडेपासून मध्यापर्यंत नेऊन मागे आणायचं. पारी मध्ये जाड, कडेला पातळ हवी. मिटताना कडा दुहेरी होते, आणि सारणाचा भार मध्याला पेलायचा असतो. सारणात डुकराचा खिमा, चिनी कोबी, आलं, कांद्याची पात. कोबी चिरून, मीठ लावून, घट्ट पिळून घ्यायचा, नाहीतर पाणी सुटून पारी फुटते. आणि फुटलीच, तरी त्या रात्री ‘फुटली’ म्हणायचं नाही. ‘झंग’ झाली म्हणायचं; त्या शब्दाचा दुसरा अर्थ ‘कमाई केली’.

हा सण असा कानाने जेवायचा आहे. मासा लागतोच, कारण माशाला ‘यू’ म्हणतात आणि शिलकीलाही ‘यू’. म्हणून पुष्कळ घरांत तो पूर्ण संपवत नाहीत, थोडा दुसऱ्या दिवसासाठी ठेवतात. दक्षिणेत चिकट तांदळाचा ‘नियान गाओ’ करतात. ‘गाओ’ म्हणजे ते पक्वान्न, आणि ‘गाओ’ म्हणजे उंचही. दर वर्षी एक पायरी वर.

पण जियाओझीचं खरं मोल मला करण्यात दिसतं. एकजण लाटतो, चौघं भरतात. आजीची जियाओझी ओळीत बसलेली, नातवाची कलंडलेली, आणि सगळी एकाच पातेल्यात. उकळी आली की गार पाणी ओतायचं, असं तीनदा. एकीत धुतलेलं नाणं लपवायचं. ज्याच्या दाताखाली येईल त्याचं वर्ष भाग्याचं.

रीत अशी की शेवटची रात्र सुनेने सासरी काढायची आणि नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याला, मुलांना घेऊन माहेरी जायचं. भावंडं असत तेव्हा माहेरचं ताटही त्या रात्री भरलेलं असे. मग 1980 पासून 2015 पर्यंत एका जोडप्याला एकच मूल असं सरकारी धोरण आलं. त्या पिढीतली एकुलती एक मुलगी एकुलत्या एक मुलाशी लग्न करते, आणि रात्र तर एकच. काही जोडपी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे असं ठरवतात, काही दोन्हीकडच्या आईवडलांना एकाच घरी बोलावतात. आणि ज्या घरची यंदाची पाळी नसते, तिथे दोन म्हातारी माणसं टेबलाशी बसतात. एकजण लाटतो, एकजण भरतो.