टोमॅटो आला उशिरा

दुपारचे तीन. दक्षिण स्पेनमधल्या कोर्दोबा प्रांतातलं ला रांब्ला. खिडक्या बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. १४ ऑगस्ट २०२१ रोजी या गावात पारा ४७.६ अंशांवर गेला आणि स्पेनच्या नोंदीत उच्चांक ठरला. गाव कुंभारांचं. बारीक तोटीचे मातीचे खुजे इथे घडतात. त्यांना म्हणतात बोतिखो. माठासारखंच, पाझरून पाणी गार करणारं भांडं.

अशा उन्हात चूल पेटवायची कोणी? आंदालुसियानं, म्हणजे स्पेनच्या या दक्षिण भागानं, त्यावर काढलेली तोड म्हणजे गास्पाचो.

हॉटेलच्या मेन्यूत त्याला 'थंड टोमॅटो सूप' म्हणतात. चूक नाही, पण अर्धवट आहे. गास्पाचो मुळात शिळ्या पावाचा. मोठ्या जमीनदारांच्या शेतांवर राबणाऱ्या रोजंदार मजुरांचं हे जेवण. हाताशी काय, तर वाळून कडक झालेला पाव, लसूण, मीठ, ऑलिव्हचं तेल, व्हिनेगर आणि पाणी. टोमॅटो नाहीच. १७४७ साली छापलेल्या एका स्पॅनिश पाककृतींच्या पुस्तकात गास्पाचो आहे; त्यात पाव आहे, लसूण आहे, टोमॅटो मात्र नाही.

आणि गंमत बघा, टोमॅटो अमेरिकेतून स्पेनमध्ये येऊन तोवर दोनशेहून अधिक वर्षं झाली होती. अमेरिकेच्या व्यापाराचं अधिकृत बंदर होतं सेविया, म्हणजे ऐन आंदालुसियात! त्याच खंडातली मिरची पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आली आणि मिऱ्यांना बाजूला सारून स्वयंपाकघरात ठाण मांडून बसली. टोमॅटोनं मात्र गास्पाचोच्या भांड्यात शिरायला वेळ घेतला. तो तिथे रुळला एकोणिसाव्या शतकात.

आता गास्पाचो करणारे हे हात बघा. लाकडी, पसरट भांडं: दोर्नियो. आधी लसूण आणि जाडं मीठ. मीठ मुद्दाम जाडं, म्हणजे लसूण वरवंट्याखालून निसटत नाही. मग हिरवी ढोबळी मिरची. मग भिजवून पिळलेला पाव. मग पिकून मऊ झालेले टोमॅटो. तेल एकदम ओतायचं नाही, धार बारीक ठेवायची आणि हात थांबवायचा नाही. रंगाकडे लक्ष द्या. आत्तापर्यंत लालभडक होतं, तेल जिरू लागलं तसं ते केशरी होत चाललंय. तेल नीट मिळून आल्याची ही खूण. शेवटी व्हिनेगर आणि गार पाणी. काकडी कोणी वाटणात घालतं, कोणी बारीक चिरून वरून पेरतं. यावर घराघरांत वाद आहेत, आपण त्यात पडायला नको.

आता हे काम मिक्सर दोन मिनिटांत करतो. चव वाईट लागत नाही. पण वाटलेल्यातला रवाळपणा जातो, तो जातोच. सुपरमार्केटात तर दुधासारखा खोक्यात भरलेला गास्पाचो मिळतो. ग्लासात ओता आणि प्या.

व्हिनेगर, मीठ आणि पाणी एकत्र पोटात गेलं, की घामानं गळालेल्या माणसाला तरतरी येते. हे मजुराला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. स्पॅनिश म्हण आहे, 'दे गास्पाचो नो आय एम्पाचो'. गास्पाचोनं कुणाला अजीर्ण होत नाही. खरं तर मजुराच्या वाट्याला अजीर्ण होण्याइतकं येतच कुठे होतं?

कोर्दोबात याचंच दाट भावंड आहे, सालमोरेखो. पाणी जवळपास नाही, वरून उकडलेलं अंडं आणि हॅमचे तुकडे. चमचा उभा राहील इतकं घट्ट.

पण टोमॅटोआधीचा गास्पाचो कसा दिसत असेल, हे बघायचं तर आंदालुसियातल्याच मालागाकडे जायला हवं. इथे बदामाची झाडं डोंगरउतारावर आहेत. सोललेले कच्चे बदाम, लसूण, पाव, तेल, व्हिनेगर. याचं नाव आखोब्लांको, म्हणजे पांढरा लसूण. वाडग्यात दुधासारखं पांढरंशुभ्र. आजी वरून मस्कत जातीची चार द्राक्षं सोडते, एक स्वतःच्या तोंडात टाकते आणि वाडगा आपल्याकडे सरकवते.